आतली कडी

सरांच्या पाठीमागे सगळे त्यांना ‘तिसरी रांग’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पस्तीस वर्षं हा माणूस नाटकं बसवत आणि अभिनय शिकवत आला, ते सगळं तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसून. पहिल्या रांगेतून नटाची नुसती हनुवटी दिसते आणि पाचव्या रांगेपासून पुढे सगळेच बरे दिसायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. तिथे बसून ते डोळे बारीक करून बघायचे, आणि नटाने कुठे अंगचोरी केली की एकच शब्द टाकायचे. ‘खोटं.’ तोही ओरडून नाही, दुकानदाराने ‘संपलंय’ म्हणावं इतक्या साधेपणाने. तो ऐकला की भल्याभल्यांना घाम फुटायचा. काम खरं झालं तर सर काहीच बोलत नसत. त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी, आणि ती मिळावी म्हणून लोक दोन-दोन वर्षं तालमीच्या हॉलमध्ये घाम गाळत.

स्वतः सर मात्र पडद्यापुढे कधी येत नसत. प्रयोग संपला की नट त्यांना ओढून आणायला विंगेत धावत, तोवर हे जिना उतरून पसार. लोक त्याला विनय म्हणत. विनय कसला डोंबलाचा, भीती होती ती. चोविसाव्या वर्षी त्यांना एका नाटकात मुख्य काम मिळालं होतं. पहिल्याच प्रयोगात, दुसऱ्या अंकात, हातात कंदील घेऊन ते पुढे आले आणि पुढचं वाक्य गेलं. प्रॉम्प्टरने विंगेतून तीनदा वाक्य दिलं. तिन्ही वेळा ते नीट ऐकू आलं, पण तोंड उघडेना. शेवटी पडदा पाडावा लागला. त्यानंतर त्यांनी रंगमंचावर पाय ठेवला तो फक्त दिवसा, खुर्च्या रिकाम्या असताना. ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

आता जुने विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार होते. फोटोंचं प्रदर्शन, भाषणं, सगळा थाट. सर घरात कुरकुरत होते. फोटो लावा, माझी हरकत नाही, पण मला माइकपुढे उभं करू नका, एवढंच त्यांचं पालुपद. बायको शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. भाषण मीच करते, तुम्ही नुसते शाल सांभाळा, असं म्हणून तिने विषय मिटवला होता आणि माळ्यावरून फोटोंची खोकी काढायला घेतली होती.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, वर्गात ते घडलं.

सरांचा एक सराव होता, आजची भीती. एकेकाने पुढे यायचं आणि दोन मिनिटांत सांगायचं की या आठवड्यात, या घडीला, मला कशाची भीती वाटते. लहानपणचा अंधार नको, झुरळं तर मुळीच नकोत. पोरं येत, डोळे विस्फारत, आवाज कापरा करत, आणि तिसऱ्या रांगेतून ‘खोटं’ ऐकून खाली मान घालून परत जात.

चौथी आली हळूबाई. हे नाव वर्गाने ठेवलेलं. एकवीस वर्षांची मुलगी, कामाला चोख, पण बोलताना प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळायची. आईवडील नव्हते, ती मोठ्या बहिणीकडे राहत होती. बहीण इस्पितळात नर्स, बहिणीचा नवरा घरूनच कसलंसं हिशेबनिसाचं काम करायचा.

हळूबाई म्हणाली की माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी होती, ती तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी काढली. ताईची रात्रपाळी असली की पावलं दारापर्यंत येतात आणि थांबतात. मी दाराला खुर्ची लावून झोपते. परवा सकाळी उठले तर खुर्ची वीतभर सरकलेली होती. हे सगळं तिने नेहमीसारखं शेपूट गिळत सांगितलं. आणि सांगताना, खुर्चीपाशी आली तेव्हा, ती हसली. चांगली दात दिसतील इतकी हसली.

“खोटं,” सर म्हणाले.

ती “हो सर” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. घाबरलेला माणूस हसत नाही, सरांनी वर्गाला समजावून सांगितलं. घाबरलेल्या माणसाचा चेहरा रिकामा होतो. वर्गाने वह्यांमध्ये उतरवून घेतलं. सुटल्यावर प्रत्येकाने आपली खुर्ची घडी करून भिंतीशी लावायची असा नियम होता. त्या दिवशी एक खुर्ची हॉलच्या मधोमध तशीच राहिली.

बुधवारी हळूबाई आली नाही. गुरुवारीही नाही. तिचा फोन बंद होता. सर म्हणाले, एका शब्दाने जी घरी बसते तिच्याने नाटक काय होणार. म्हणाले खरे, पण चहा पिताना त्यांचं लक्ष दाराकडे जात होतं.

शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपली आणि बायकोने टेबलावर फोटो पसरले. एक उचलून तिने चष्मा वर केला.

“अहो, हा कुठला? यात किती छान हसताय तुम्ही.”

सरांनी फोटो हातात घेतला. चोविशीतला पोरगा, हातात पेटलेला कंदील. तो कंदील त्या नाटकात एकदाच पेटायचा, त्या एकाच प्रवेशात. आणि प्रवेश पुढे गेलाच नव्हता, तेव्हा हा फोटो कधीचा आहे याबद्दल शंकेला जागा नव्हती. मागे प्रॉम्प्टरचा हात विंगेतून अर्धा बाहेर आलेला दिसत होता. आणि पोरगा हसत होता. दात दाखवून, लग्नात फोटो काढून घेतात तसा.

“हा तोच,” सर म्हणाले.

बायकोने पुन्हा वाकून बघितलं. “पण तुम्ही तर म्हणायचात, त्या वेळी वाटलं आता जीव जातो.”

“वाटलं होतं.”

“मग हसताय कसे?”

त्यांना काही आठवत नव्हतं. कोरडी पडलेली जीभ आठवत होती, प्रॉम्प्टरचा आवाज आठवत होता, पण आपण हसलो हे चाळीस-बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बायकोला मंगळवारची गोष्ट सांगितली, कडी, पावलं, सरकलेली खुर्ची, सगळी.

बायको त्यांना कधी बोल लावत नसे, तिने आताही लावला नाही. ती फक्त म्हणाली, आधी तिची बहीण गाठा. पण बहीण कुठल्या इस्पितळात आहे हे सरांना माहीत नव्हतं. प्रवेशअर्जावर घरचा पत्ता तेवढा होता. तीन दिवस, ते मनात मोजत होते. तीन दिवस आणि तीन रात्री. त्यांनी पायात चपला सरकवल्या, फोटो तसाच खिशात गेला, आणि ते निघाले.

बसमध्ये त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. कदाचित पोरगी तापाने पडली असेल. कदाचित रुसली असेल. पण समजूत काही पटेना. पस्तीस वर्षांत आपण किती जणांना खोटं म्हटलं आणि त्यातले किती खरं सांगत होते, हा हिशेब थांबेना.

इमारत चार मजली, साधी. जिन्याला रंग नुकताच दिलेला, त्याचा वास होता. तिसऱ्या मजल्यावर सरांनी बेल वाजवली. आत टीव्हीचा आवाज कमी झाला. पावलं आली, दाराशी थांबली, आणि बराच वेळ दार उघडलं नाही. पावलं येतात आणि थांबतात.

मग दार उघडलं. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर सरकवलेला चष्मा. सरांना पाहून तो खुलला. या ना, या, किती ऐकलंय तुमच्याबद्दल, म्हणत त्याने पाणी आणलं, पंखा लावला. तिला जरा बरं नाही, म्हणाला. कणकण होती. हिची ड्यूटी, मी एकटा, पण जमेल तसं बघतोय. सर त्याच्याकडे पाहत होते, त्यांच्या त्या प्रसिद्ध नजरेने. डोळे, मान, हात, श्वास. कुठेही चोरी नव्हती. माणूस शंभर टक्के खरा वाटत होता. तालमीच्या हॉलमध्ये असता तर सर त्याच्यावर गप्प बसले असते. हे कळल्यावर मात्र त्यांची पाचावर धारण बसली. ज्या नजरेवर आयुष्य काढलं ती कुचकामी निघाली होती, आणि दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून हळूबाई बाहेर आली. सरांनी तिच्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, चार बारीक भोकं होती. भोवती कडीच्या आकाराचा, न विटलेल्या रंगाचा पट्टा.

“सर, मी क्लास सोडायचं ठरवलंय,” ती म्हणाली. “अभिनय माझ्याच्याने होणार नाही. तुम्हीच म्हणालात ना, खोटं असतं माझं.”

आवाज खणखणीत. एकाही वाक्याचं शेपूट गिळलेलं नाही. दीड वर्ष सर जे मागत होते ते तिने आज दिलं. आणि शेवटी ती हसली, तसंच, दात दाखवून.

“बघा,” तिचे भाऊजी म्हणाले. “मी म्हटलं सरांना फोन तरी कर. पण ऐकते कुठे.”

आता बोलायला हवं होतं. सर खुर्चीतून उठले. “आज तालीम आहे,” ते म्हणाले. “तिला न्यायला आलोय.”

“सोडलं म्हणतेय ना ती,” भाऊजी हसत म्हणाले, आणि दोन पावलं टाकून बाहेरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. सहज उभे राहिल्यासारखे. हात मागे, पाठ दाराला.

सरांना पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य नव्हतंच. जीभ टाळूला चिकटली. पंख्याचा आवाज दूर गेला. तोच उजेड, तेच रिकामं डोकं, चाळीस-बेचाळीस वर्षांनी जसंच्या तसं. पडदा पाडणारा इथे कुणी नव्हता. आणि सरांना पहिल्यांदाच जाणवलं की आपले गाल वर ओढले जातायत. आपण हसतोय. थांबवता येत नव्हतं.

हळूबाई त्यांच्याकडे बघत होती. तिचं स्वतःचं हसू कमी झालं. तिने ओळखलं, सरांची बोबडी वळली होती.

वर्गात सरांचा एक नियम होता. समोरच्याने जे दिलं ते घ्यायचं, नाकारायचं नाही. तो म्हणाला पाऊस पडतोय, तर तू भिजलास.

“सर, खाली सगळे थांबलेत का?” तिने विचारलं.

सरांना ते वाक्य प्रॉम्प्टरच्या आवाजासारखं ऐकू आलं. या वेळी तोंड उघडलं.

“सगळे. पंधरा जण. तुझ्यावाचून प्रवेश अडलाय.”

“आलेच,” ती म्हणाली, आणि खोलीत जाऊन लगेच पिशवी घेऊन आली. इतक्या लगेच, की पिशवी आधीच भरून ठेवलेली असणार. भाऊजींनी पिशवीकडे पाहिलं, मग सरांकडे. पंधरा माणसं खाली उभी असताना दार अडवून उभं राहणं बरं दिसत नाही, हे त्यांच्या डोक्यात चाललेलं दिसत होतं. ते बाजूला झाले.

“चला,” ते म्हणाले, “मीही येतो खाली. सगळ्यांना भेटतो तरी.”

ते तीन मजले सर कधी विसरले नाहीत. पुढे हळूबाई, मध्ये सर, आणि मागे चपलांचा फट फट आवाज, घाई न करता, एक-एक पायरी. हात लावायला कठडा होता, पण सरांनी धरला नाही. धरला तर हात थरथरतोय हे मागच्याला दिसलं असतं. खाली पंधरा जण नव्हते. खाली कुणीच नव्हतं. एक स्कूटर होती आणि एक मांजर. फाटकाबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे बसथांबा. थांब्यावर सात-आठ माणसं रांगेत.

“कुठायत?” मागून भाऊजी म्हणाले. आवाज अजून गोडच होता.

सरांनी रस्ता ओलांडला. अनोळखी माणसांची ती रांग, सगळ्यांच्या माना वळलेल्या, सगळे त्यांच्याकडे बघतायत. ज्याला टाळण्यात जन्म गेला तो प्रेक्षक समोर उभा होता. सरांनी हात वर केला आणि ओरडून म्हणाले, “आली ती! उशीर झाला, माफ करा, चला चला!”

रांगेतल्या कुणाला काही कळलं नाही. पण वळणावरून बस येत होती, आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाई वैतागून म्हणाल्या, “चला बाई, आली एकदाची.” त्या बसबद्दल बोलत होत्या. मागच्या दोघांनी मान डोलावली. एक जण सरकला आणि त्याने हळूबाईला पुढे जागा दिली, तिच्या हातातली पिशवी जड दिसत होती म्हणून. सर प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत “चढा, चढा” करत राहिले, आणि माणसं चढली, चढणारच होती. भाऊजी रस्त्याच्या मधोमध उभे होते. नाटकवाले कोण आणि बसवाले कोण, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी ठरवेपर्यंत बसचं दार लागलं.

दोन थांबे गेले. आजीबाईंनी त्यांना न विचारता जागा दिली. मग सरांनी खिशातून फोटो काढून हळूबाईच्या हातात ठेवला.

“हा मी आहे,” ते म्हणाले. “मला त्या वेळी मरायची भीती वाटत होती.”

तिने फोटो पाहिला. “हसताय,” ती म्हणाली.

“हो. माझं चुकलं. मंगळवारी माझं फार चुकलं.”

तिने फोटो परत दिला नाही. ताईचं इस्पितळ पुढच्या चौकात आहे, एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली की ताईला सांगायचीच भीती वाटते. वर्गात एकदा सांगून पाहिलं, तर काय झालं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि सरांना तेच जास्त लागलं.

निरोप मिळताच ताई वॉर्डातून धावत बाहेर आली, गणवेशात, हातात नोंदींचे कागद लावलेली फळी. काय झालं, घरी काय झालं, हे कोण, असं एका दमात विचारलं. भेटीच्या वेळेची गर्दी होती, बाकांवर नातेवाईक बसलेले. हळूबाईने सांगायला सुरुवात केली. कडी, पावलं, खुर्ची. वाक्यांची शेपटं पुन्हा गिळली जात होती. आणि खुर्चीपाशी आल्यावर ती हसली.

ताईचा चेहरा कडक झाला. “हसतेस काय? ही काय थट्टा आहे?”

हळूबाईने सरांकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. ती आता “हो ताई” म्हणेल आणि पिशवी उचलून त्याच घरी परत जाईल, हे सरांना लख्ख दिसलं. ते पुढे झाले. दहा-बारा जण बघत होते. गाल पुन्हा वर ओढले गेले होते, ते त्यांनी तसेच राहू दिले.

“तिला फार भीती वाटली की ती हसते,” ते म्हणाले. आवाज कापत होता, पण बाकांच्या शेवटापर्यंत पोचत होता. “मी पण हसतो. आत्ताही हसतोय, बघा. पस्तीस वर्षं शिकवतोय आणि मला हे आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं. मी तिला खोटं म्हणालो. म्हणून ती तीन दिवस त्या घरात राहिली. तुम्ही म्हणू नका.”

ताई सरांच्या हसऱ्या, घामेजल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग बहिणीच्या चेहऱ्याकडे. मग हातातली फळी तिने छातीशी धरली.

“कडी गंजली म्हणाले होते,” ती हळूच म्हणाली. “नवी आणून लावतो म्हणाले. मी दोनदा आठवण करून दिली.”

ती बाकावर बसली आणि तिने बहिणीला हात धरून शेजारी बसवलं. हळूबाईच्या तोंडावरचं हसू तेव्हा कुठे गेलं.